जुन्या कार्डावर ठेवलेले अकरा रुपये

बेळगावात, वडगावच्या आमच्या गल्लीत कुणाला बँकेचा अर्ज भरायचा असला की लोक माझ्याकडं येतात. येतात म्हणजे येत होते. मी एका खासगी हायस्कुलात हेडक्लार्क. वीस वर्षं कॅशबुक, पगारपत्रक आणि प्रॉव्हिडंट फंड ह्यातच गेली, त्यामुळं पैशाच्या व्यवहारातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती, आणि गल्लीनं ती कधी मोडली नव्हती. पेन्शनचा हयातीचा दाखला असो, गॅसची सबसिडी असो, कन्नडात आलेली नोटीस असो, मी चष्मा पुसायचो, घसा साफ करायचो आणि वाचायला बसायचो. चहा आला की वर एक छोटंसं व्याख्यानही व्हायचं. रोकड घरात ठेवू नये, ओटीपी कुणाला सांगू नये, क्रेडिट कार्डाची नुसती किमान रक्कम भरत बसू नये. ह्यातला शेवटचा नियम मी स्वतः दोन वर्षं मोडत होतो, पण ते गल्लीला ठाऊक नव्हतं.

ते कार्ड मी घेतलं होतं एका फुकटच्या बॅगेसाठी. खोटं कशाला बोलू? शाळेत टेबल मांडून बसलेल्या बँकेच्या पोरीनं बॅग दाखवली आणि मी सही केली. बॅगेची चेन पहिल्याच प्रवासात तुटली. कार्ड मात्र टिकलं. त्यावर सोफा आला, वॉशिंग मशीन आलं, मुलीचा लॅपटॉप आला. दर महिन्याला किमान रक्कम माझ्या बचत खात्यातून आपोआप कापली जायची, मला काही करावं लागायचं नाही, आणि काही करावं लागत नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय असं मी धरून चाललो होतो. बाकी चढत चढत बहात्तर हजार चारशे अकरावर गेली तेव्हा व्याजाचा आकडा बघून मला घाम फुटला.

तेवढ्यात दुसऱ्या एका बँकेचा फोन आला. बॅलन्स ट्रान्सफर घ्या म्हणाले. म्हणजे ही नवी बँक जुन्या कार्डाची बाकी एकरकमी भरून टाकणार, आणि आपण हिला वर्षभरात कमी व्याजानं हप्त्यानं फेडायची. मी एका रात्रीत हिशेब मांडला आणि स्वतःवरच खूश झालो. एजंट शाळेत आला. त्यानं अर्जावर खूण करून दाखवली, इथं टिक करा, सगळी बाकी नव्या कार्डावर येईल, जुनं कार्ड बंद होईल, त्याची आपोआप कपातही त्याच्याबरोबर थांबेल. सरळ होतं. दुसऱ्या कुणीही टिक केलं असतं.

माझा हात थांबला. का थांबला ते सांगतो, आणि हसायचं तर हसा. माझे वडील विणकर. घरात दोन हातमाग, सूत व्यापाऱ्याचं, साडी व्यापाऱ्याची, मजुरी आमची. आठवड्याला वहीवर हिशेब व्हायचा. उचल फेडून वर चार पैसे आले तरी वडील वही कधी कोरी करून उठले नाहीत. अकरा रुपये बाकी ठेवायचे. वही कोरी केली म्हणजे संबंध तोडला, पुढचं सूत द्यायला तो बांधील नाही, असं शहापूर-वडगावात सगळेच मानायचे. व्यापाऱ्यालाही ते कळायचं, तो अकरा रुपये मागायचा नाही. मी ते लहानपणी इतक्यांदा पाहिलंय की माझ्या अंगातच मुरलंय. किराणा दुकानदाराचं सगळं देणं चुकतं करताना मला आजही चोरट्यासारखं होतं.

तर त्या अर्जावर, मुंबईत की चेन्नईत कुठं तरी बसलेल्या, मला जन्मात न बघितलेल्या बँकेशी संबंध तुटू नये म्हणून मी बहात्तर हजार चारशेच लिहिले. अकरा रुपये जुन्या कार्डावर ठेवले. एजंटनं माझ्याकडं बघितलं, पण त्याला कमिशनशी मतलब. जुनं कार्ड बंद झालं नाही, म्हणजे त्याची कपातही चालू राहिली. मग मी त्याच संध्याकाळी आणखी एक हुशारी केली. मोबाईलवर जुन्या बँकेच्या ॲपमध्ये गेलो आणि कपातीचं 'किमान रक्कम' काढून 'पूर्ण रक्कम' करून ठेवलं. आता पूर्ण म्हणजे असणार किती? अकरा रुपये आणि थोडं पेट्रोल. व्याजाची कटकटच नको.

आता कपात व्हायची त्या बचत खात्यात माझे पैसे होते चार हजार, आणि आक्काचे पंच्याहत्तर हजार. सगळं रामायण इथंच घडलं.

आक्का माझी थोरली बहीण. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. भावजींना जाऊन दहा वर्षं झाली. त्यांच्या मागं ती दुसऱ्याच्या पॉवरलूमवर रोजानं साड्या विणते, आणि गेली चार वर्षं स्वतःचा एक माग घ्यायचा म्हणून पैसे साठवत होती. आधी तांदळाच्या डब्यात ठेवायची. मीच तिला घरी बसवून व्याख्यान दिलं की घरात रोकड ठेवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, माझ्या खात्यात ठेव, व्याज येईल. तिचं स्वतःचं खातं नव्हतं, काढायला मी तिला कधी घेऊनही गेलो नाही. ती दर महिन्याला रुमालात बांधून पैसे आणून द्यायची आणि मी भरायचो. तिला माझं फार कौतुक.

खासबागात एक म्हातारा आपला माग विकत होता. पोरं पुण्याला गेली, ह्याच्यानं एकट्यानं काही होईना. चांगला जपलेला माग, पंच्याहत्तर हजाराला द्यायला तयार झाला. येत्या रविवारपर्यंत रोकड आणा, तोवर तुमच्यासाठी धरून ठेवतो म्हणाला. आक्कानं पुढची खोली रिकामी केली, पलंग आत नेला, भिंतीला विजेचा नवा बोर्ड बसवून घेतला. जिथं कामाला जायची त्या मालकाला सांगूनही टाकलं की सोमवारपासनं माझा मीच माग चालवणार. हे सगळं ती मला येऊन सांगायची आणि मी मान डोलवायचो.

त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी सकाळी मी दाढी करत असताना मोबाईल वाजला. खात्यातून बहात्तर हजार चारशे अकरा रुपये कापले गेले होते.

मी तो मेसेज तीनदा वाचला. मग चष्मा लावून वाचला. साबण गालावर वाळला तरी मी तसाच उभा.

झालं होतं असं. मी ज्या दिवशी शहाणपणा पाजळला त्याच्या आदल्या दिवशीच जुन्या कार्डाचं महिन्याचं बिल तयार झालं होतं, त्यावर पूर्ण रक्कम म्हणजे सगळेच्या सगळे बहात्तर हजार. नव्या बँकेनं पैसे भरले, पण ते पोचले मुदतीच्या दोन दिवस आधी, आणि तोवर कपातीचा हुकूम सुटलेला होता. हुकूम मीच दिलेला, पूर्ण रक्कम कापा म्हणून. कापली. म्हणजे तेच कर्ज दोनदा फिटलं, एकदा नव्या बँकेच्या पैशानं, एकदा आक्काच्या. जुन्या कार्डावर आता माझेच बहात्तर हजार चारशे जमा होते आणि नव्या बँकेचे हप्ते पुढच्या महिन्यापासून सुरू होणार होते.

जुन्या कार्डाच्या हेल्पलाइनला फोन लावला. इंग्रजी, हिंदी, कन्नड अशी बटणं होती, मराठीचं नव्हतं. मी रुबाबात इंग्रजीचं दाबलं आणि दुसऱ्या वाक्याला हिंदीवर आलो. पलीकडची बाई फार गोड होती. तुमचे पैसे कुठंही गेलेले नाहीत, कार्डावर सुरक्षित आहेत, हवी तेवढी खरेदी करा म्हणाली. मला खरेदी नको, पैसे परत पाहिजेत म्हटल्यावर तिनं सांगितलं की सही केलेला अर्ज आणि रद्द केलेला चेक शाखेत द्या, सात ते दहा कामाचे दिवस लागतील. मी रविवार मोजला आणि फोन ठेवला.

मंगळवारी रजा टाकून, कपात परत फिरवता येते का बघायला निपाणीला गेलो. माझी पहिली नोकरी निपाणीची, बचत खातं तिथलं, ते मी पंचवीस वर्षांत बेळगावला आणलेलं नाही. आणायचा अर्ज मी गल्लीत दहा जणांना भरून दिलाय. एसटीत दीड तास मनातल्या मनात त्या बँकेला शिव्या देत गेलो, आणि काउंटरवर पोचल्यावर तिथल्या माणसानं शांतपणे दाखवलं की कपात माझ्याच परवानगीनं झालेली आहे, ते फार तर पुढची थांबवू शकतात, ही परत आणू शकत नाहीत. पैसे ज्यांच्याकडं गेले त्यांच्याकडं मागा. तंबाखूच्या वखारीवरून चालत स्टँडवर आलो तेव्हा शिव्या द्यायला कुणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी बायकोला सांगणं भाग पडलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. पूर्णच कापून घ्यायचं होतं, तर अकरा रुपये ठेवले कशाला? कारण पूर्ण कापल्यावर ते अकराही जाणारच होते, वही कोरी होणारच होती. हे माझ्या, वीस वर्षं हिशेब लिहिणाऱ्याच्या, डोक्यातच आलं नव्हतं. मी आंघोळीचं निमित्त करून उठलो. पण तिनं त्यापुढं जे सांगितलं ते मी ऐकायला पाहिजे होतं. माझ्या पाटल्या सोसायटीत ठेवा, आक्कांचं काम होऊ दे, पैसे आले की सोडवू. आणि आत्ता जाऊन आक्कांना सांगा.

मी दोन्ही केलं नाही. सोसायटीतला मॅनेजर माझा सल्ला घेणारा माणूस. त्याच्यासमोर बायकोच्या पाटल्या घेऊन जायचं, का म्हणून विचारल्यावर काय सांगायचं? आणि आक्काला काय सांगायचं, तांदळाचा डबाच बरा होता म्हणून? रविवारपर्यंत होऊन जाईल म्हणत राहिलो. त्याच रात्री आक्का आली तेव्हा तिला सांगितलं की बँकेचं सर्व्हर डाऊन आहे. सर्व्हर म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, होईल की, एवढी घाई न्हाय.

बुधवारी बेळगावात कार्डाच्या शाखेत अर्ज दिला. तिथल्या तरुण साहेबानं बघतो म्हटलं आणि "नाळे बर्री" म्हणाला. उद्या या, हे दोन शब्द बेळगावात जन्मलेल्या माणसाला आईच्या दुधाबरोबर कळतात. उद्या गेलो तर अर्ज परत. चेकवरची सही मराठीत, कार्डाच्या कागदावरची इंग्रजीत, जुळत नाही. आमच्या गल्लीत सही मराठीतच करायची असं आम्ही पोरवयात सीमाप्रश्नाच्या मोर्चातून आल्यावर ठरवलं होतं आणि मी ते सगळीकडं छाती काढून सांगत आलोय. फक्त त्या फुकटच्या बॅगेपायी कार्डाच्या अर्जावर ते मोडलं होतं. त्या साहेबासमोर बसून मी इंग्रजी सही पाच वेळा गिरवली तेव्हा कुठं एक जुळली. अर्ज गुरुवारी आत गेला.

शुक्रवारी माझं डोकं फिरलं असावं. कार्डावर पैसे आहेत, खरेदी करता येते, माग ही खरेदीच आहे, असं धरून मी शाळा सुटल्यावर स्कूटर घेऊन थेट खासबागात त्या म्हाताऱ्याकडं गेलो. तो मागाला तेल देत होता. मी अवघडून विचारलं, तुमच्याकडं कार्ड चालतं का? त्यानं तेलाचा हात पुसला, माझ्याकडं नीट बघितलं, आणि नाही म्हणाला. बरं, बघतो, म्हणून मी निघालो. तेव्हा खरी गोष्ट त्याला सांगितली असती, आठवडाभर थांबा एवढं म्हटलं असतं, तरी पुरे होतं. पण मी गल्लीला अर्ज भरून देणारा शहाणा माणूस, हे त्यालाही माहीत होतं.

रविवारी सकाळी आक्का दारात आली. चांगली साडी नेसलेली, हातात पिशवी, पिशवीत नारळ, हळदकुंकू, आणि मागाच्या पूजेला पेढे. चल रं, म्हणाली. मग मी सांगितलं. उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं, अकरा रुपयांपासून. बँका, मुदती, हुकूम, ह्यातलं किती तिला कळलं कुणास ठाऊक. ती पिशवी तशीच हातात धरून खासबागाकडं चालायला लागली. मी स्कूटर काढली तर ती बसायलाही थांबली नाही, मी मागून हळूहळू चालवत गेलो.

माग नव्हता. जमिनीवर त्याच्या पायांच्या चौकोनी खुणा आणि तेलाचे डाग होते. म्हातारा हात जोडून आक्काला म्हणाला, "तुमचा भाऊ शुक्रवारी आलता. कार्ड चालतं काय म्हणून इचारला. मला वाटलं पैसं न्हाईत, सांगाय लाजतायसा. काल एकानं रोकड आणली, दिऊन टाकलो."

आक्कानं त्याला पेढे दिले, तुमचं काय चुकलं न्हाय म्हणाली, आणि बाहेर आली. रस्त्यावर आल्यावर ती माझ्याकडं न बघता बोलली.

"पैसं येतील रं, पैसं कुठं जातात. सोमवारीच सांगितलं असतंस तर भिशीतनं उचलून त्याच्या हातावर ठेवलं असतं मी. सहा दिवस तू तुझा शहाणपणा झाकत बसलास, आणि माझा माग गेला."

मी स्कूटर ढकलत तिच्या मागून घरापर्यंत चालत आलो.

सोमवारी ती जुन्या मालकाकडं गेली, येऊ दे म्हणून सांगायला. तिच्या जागेवर त्यानं दुसरी बाई घेतली होती. मग अनगोळात एका ठिकाणी काम मिळालं, रोज वीस रुपये कमी आणि जायला यायला चालत पाऊण तास. पुढची खोली तशीच रिकामी. पलंग तिनं परत बाहेर आणला नाही. मी दोनदा म्हटलं, आणून ठेवतो, तर राहू दे म्हणाली.

पैसे तेराव्या दिवशी आले. एक रुपयाही कमी नाही, बँकेला त्यात काही बोलायला जागा नाही. मी त्याच दिवशी निपाणी गाठली, खात्यात सगळे मिळून पंच्याहत्तर हजार भरत होते ते काढले, आणि पाकिटात घालून आक्काच्या हातात दिले. वर कार्डाच्या हप्त्यांचं काय होणार ही चिंता होती, पण ती माझी मी करायची होती. आक्कानं पैसे मोजले. चार वर्षांत तिनं माझ्यासमोर पैसे कधी मोजले नव्हते. मोजून झाल्यावर म्हणाली, उद्या अर्धा तास रजा काढ, मला बँकेत सोड.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्कूटरवरून शहापुरातल्या बँकेत नेलं. मला आतून बरंच वाटलं होतं, चला, निदान अर्ज तरी नीट भरून देऊ, नॉमिनी, पत्ता, सगळं. खिशाला दोन पेनं लावून आलो होतो. पायऱ्या चढायला लागलो तर तिनं हात आडवा केला.

"तू हितंच थांब."

रागानं नाही म्हणाली. मला राग तरी चालला असता. मी स्कूटरला टेकून काचेतून बघत उभा राहिलो. आत ती अर्ज घेऊन इकडं तिकडं बघत होती, कन्नडातला मजकूर तिला वाचता येत नाही. बाकावर एक कॉलेजातली मुलगी बसली होती, आक्काच्या काय, कुणाच्याच ओळखीची नसावी. आक्का तिच्याजवळ गेली, वाकून काही तरी बोलली, आणि पदराखालचं पैशाचं पाकीट जवळ धरून तिच्या शेजारी बसली. ती मुलगी विचारून विचारून लिहीत होती आणि आक्का सावकाश सांगत होती, एकेक ओळ झाली की वाकून बघत होती. पाऊण तास लागला. मी असतो तर पाच मिनिटांत झालं असतं.